सिझेरियन करतानाच फायब्रॉइड (गर्भाशयातील कर्करोग नसलेली गाठ) काढावा का?

धागाकर्ती (भूलतज्ज्ञ): "पोट उघडलेच आहे, तर गाठही काढावी, डॉक्टर मुद्दाम दुसऱ्या शस्त्रक्रियेची सोय करून ठेवतात," हे काल येथे वाचले आणि राहवले नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिली रक्त वाहत असते. एका रात्री बाळ सुखरूप आले, सर्जननी मुठीएवढी गाठ काढायला घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत रक्त ओढून घेणारी सक्शनची बाटली भरत गेली. बाई वाचली, गर्भाशय मात्र गेले. बाळंतपणानंतर बऱ्याच गाठी आपोआप लहान होतात. मग ही घाई कशासाठी?

प्रतिसाद (स्त्रीरोगतज्ज्ञ): एका रात्रीवरून सरसकट बंदी घालणे मला मान्य नाही. देठावर लोंबणारी गाठ काढणे फारसे अवघड नसते आणि चीर द्यायच्या जागीच गाठ असेल, तर ती काढल्याशिवाय कधीकधी टाकेही नीट घेता येत नाहीत. गरोदरपणात गाठीभोवतीचे आवरण सैल झालेले असल्याने ती सहज सुटूनही येते. गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन आहे, रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्झॅमिक ॲसिड आहे, गर्भाशयाच्या धमन्या बांधता येतात. भिंतीत खोल रुतलेल्या मोठ्या गाठीला मीही हात लावत नाही.

प्रतिसाद (एक आई): तुम्ही दोघे गाठीबद्दल बोलत आहात, बाईबद्दल कोणीच नाही. पाचव्या महिन्यात माझी गाठ इतकी दुखली की कूस बदलता येईना. तेव्हा "बाळंतपणानंतर पाहू" एवढेच सांगितले गेले. पुढे कमरेखाली बधिर होऊन टेबलावर पडलेली असताना पडद्यापलीकडून प्रश्न आला, "गाठ काढायची का?" मी "हो" म्हटले. त्या अवस्थेत कोणती बाई "नाही" म्हणेल?

स्त्रीरोगतज्ज्ञ: काही गाठींचे खरे स्वरूप पोट उघडल्यावरच कळते. प्रत्येक शक्यता आधी सांगत बसलो, तर रुग्ण घाबरून जाईल.

एक आई: घाबरू द्या! गर्भाशय माझे आहे. सोनोग्राफीत गाठ तिसऱ्या महिन्यापासून दिसत होती, प्रत्येक अहवालात तिचे माप लिहिलेले होते. तरी गर्भाशय काढावे लागू शकते, हे वाक्य मी पहिल्यांदा आज या धाग्यावर वाचते आहे.

धागाकर्ती: त्या रात्रीच्या बाईलाही हे कोणी सांगितले नव्हते, मीसुद्धा नाही. निवडक गाठी निवडक हातांनी काढाव्यात, इतके मी नाइलाजाने मान्य करते; पण रक्ताची तयारी आधी हवी.

स्त्रीरोगतज्ज्ञ: आणि संमतीही आधी घ्यायला हवी. तेवढ्यापुरते ताईंचे म्हणणे मला खोडता येत नाही.