१९६५ची एमजीबी: डॅशबोर्ड न कापता आधुनिक ध्वनियंत्रणा कशी बसवावी?

कापडी_छत (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९६५ची उघड्या छताची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. तिची विद्युतव्यवस्था कारखान्यातून आली तशीच आहे, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले), ल्युकसचा सी-४० डायनॅमो आणि सीटांच्या मागे तळात बसवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. डॅशबोर्डच्या मध्यभागी त्याच काळातला, दोन बाजूंना दोन खुंट्या असलेला रेडिओ आहे. तो आता बंद आहे आणि चालू असतानाही त्यावर केवळ मध्यम व दीर्घ लहरीच लागत. त्याच्या खालच्या कन्सोलमध्ये एकच स्पीकर आहे.

मला फोनवरचे संगीत ऐकायचे आहे, तेही प्रामुख्याने गायन. आवाज फार मोठा नको, पण छत उघडे असताना मध्यम वेगात शब्द स्पष्ट कळावेत एवढी अपेक्षा आहे. एका कारागिराने सुचवले की जुना रेडिओ काढून तेथे आजच्या मापाचे हेड युनिट (डॅशबोर्डमधले आधुनिक संगीतयंत्र) बसवावे, दोन्ही दारे कापून साडेसहा इंची स्पीकर लावावेत आणि डिकीत चारशे वॉटचा ॲम्प्लिफायर ठेवावा. गाडी कापण्याची माझी मुळीच तयारी नाही. ही विद्युतव्यवस्था किती भार सोसू शकेल, पॉझिटिव्ह अर्थ बदलणे अपरिहार्य आहे का, आणि दारे सोडून स्पीकर कोठे बसू शकतात, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तांब्याची_तार

स्पीकर आणि ॲम्प्लिफायर निवडण्यापूर्वी विजेचा हिशेब मांडावा, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ ॲम्पियर देतो, आणि तेही इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा तो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो. रात्री पावसात हेडलाइट, मागचे दिवे, वायपर, इग्निशन आणि पेट्रोल पंप हे सगळे मिळून १७-१८ ॲम्पियर सहज खातात. म्हणजे संगीतासाठी चार-पाच ॲम्पियर उरतात. खऱ्या अर्थाने चारशे वॉट देणारा ॲम्प्लिफायर वर्ग-डीचा, म्हणजे ऐंशी टक्के कार्यक्षमतेचा घेतला, तरी पूर्ण भारावर तो ३५ ॲम्पियरहून अधिक मागतो. गाण्याची सरासरी मागणी याहून पुष्कळ कमी असते हे खरे, परंतु ज्या यंत्राची पूर्ण क्षमता आपल्या गाडीत कधीच वापरता येणार नाही, ते घेण्यात काही अर्थ नाही.

हेड युनिटच्या खोक्यावरचा ‘५० वॉट गुणिले ४’ हा आकडाही तसाच घेऊ नये. वेगळा ॲम्प्लिफायर न जोडता असे युनिट १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, आवाज न फाटता प्रत्येक वाहिनीमागे १८ ते २२ वॉट देते. आपल्या गरजेला तेवढेच पुरे आहे. वीस-वीस वॉटच्या दोन वाहिन्यांचा, ब्लूटूथ असलेला, वर्ग-डीचा छोटा ॲम्प्लिफायर घ्यावा; तो त्या चार-पाच ॲम्पियरमध्ये आरामात बसतो.

आता अर्थविषयी. आजची सगळी यंत्रे निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून बनवलेली असतात आणि त्यांचा धातूचा सांगाडा आतून ऋण टोकाला जोडलेला असतो. आपल्या गाडीची बॉडी मात्र धन आहे. त्यामुळे असे यंत्र डॅशबोर्डच्या पत्र्याला नुसते टेकले तरी शॉर्ट सर्किट होते. पुष्कळ लोक यंत्र रबरावर बसवून निश्चिंत होतात, पण अँटेनाच्या केबलवरची जाळी बॉडीला जोडलेली असते हे त्यांच्या ध्यानात येत नाही आणि शॉर्ट त्या वाटेने होते. चार्जिंगच्या सॉकेटचेही तसेच आहे. त्याचे बाहेरचे कवच बॉडीला लागले की चार्जरला उलटा प्रवाह मिळतो.

यावर सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे आत-बाहेर पूर्ण विद्युत विलगीकरण असलेला, म्हणजे इनपुट आणि आउटपुट एकमेकांना तारेने न जोडलेला, १२ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर. त्याच्या इनपुटला गाडीचा पुरवठा जोडायचा, आणि आउटपुटचे ऋण टोक बिनधास्त बॉडीला जोडायचे, म्हणजे पुढची सगळी यंत्रणा निगेटिव्ह अर्थवर चालते. विलगीकरण नसलेले स्वस्त कन्व्हर्टर दिसायला तसेच असतात, म्हणून बॅटरीला जोडण्यापूर्वी इनपुट आणि आउटपुट यांच्या कोणत्याही टोकांमध्ये सातत्य (थेट विद्युत जोडणी) नाही, हे मल्टिमीटरने तपासून घ्यावे. आठ ते दहा ॲम्पियर क्षमतेचा कन्व्हर्टर पुरेसा आहे. आपल्या गाडीत जिवंत तार ऋण आहे, त्यामुळे फ्यूज ऋण तारेत आणि बॅटरीपासून शक्य तितका जवळ बसवावा. सवयीने तो धन तारेत बसवला, तर जिवंत तार वाटेत कोठे घासून उघडी पडल्यास संरक्षण उरत नाही.

सध्याच्या फ्यूजपेटीवर विसंबू नये. जुन्या ल्युकस फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो कोणत्या प्रवाहाला वितळतो ते सांगतो. सतत वाहण्याची त्याची मर्यादा १७ ॲम्पियर आहे, आणि आपल्या छोट्या यंत्रासाठी दोन्ही आकडे फार मोठे आहेत. इग्निशनच्या पांढऱ्या तारेवरूनही पुरवठा घेताना जपावे. आपल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) असेल, तर कॉइलकडे जाणारी पांढरी तार त्यातून वळसा घेऊन जाते आणि त्या प्रवाहावरूनच तो फेऱ्या मोजतो. त्या वळशानंतर दुसरा भार जोडला तर काटा चुकतो. त्याऐवजी बॅटरीपासून स्वतंत्र तार ओढून ती रिलेने (छोट्या प्रवाहाने चालणाऱ्या विद्युत स्विचने) चालू-बंद करावी आणि पांढऱ्या तारेवर केवळ रिलेची चिमुकली कॉइल ठेवावी. तिची जोडणीही टॅकोमीटरच्या अलीकडे करावी. बॅटऱ्या सीटांच्या मागेच असल्यामुळे दीड-दोन मीटर तार पुरते, आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या अंतरावर व्होल्टेजची घट नगण्य राहते.

मंद्रसप्तक

वर मांडलेल्या हिशेबाला ध्वनीच्या बाजूने जोड देतो. कमी वॉटमध्ये मोठा आवाज हवा असेल तर स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा असतो. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर शक्ती दुप्पट करावी लागते. म्हणून ८६ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढण्यासाठी ८० वॉट लागतात, तोच ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये काढतो. डायनॅमोच्या गाडीत हा फरक निर्णायक आहे.

उघड्या गाडीत वाऱ्याचा आणि टायरचा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांना गिळतो. त्यासाठी सबवूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) लावून झुंजत बसण्यात जागाही जाते आणि वीजही. गायनाचे शब्द कळतात ते साधारण ३०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, तेव्हा तो पट्टा कानापर्यंत विनाअडथळा पोहोचवणे हेच मुख्य काम आहे. स्पीकर पायांजवळच्या बाजूच्या पॅनेलमध्ये, किंचित वर आणि आत रोखून बसवले तर दोन्ही कानांपर्यंतचे अंतर बरेचसे सारखे राहते आणि गायक समोर बसल्यासारखा वाटतो. मूळ पॅनेलला हात लावू नये. त्याच्या आकाराचे दुसरे पॅनेल प्लायवूडमध्ये कापून त्यात स्पीकर बसवावा आणि मूळ पॅनेल कापडात गुंडाळून जपून ठेवावे. सव्वापाच इंची स्पीकर घेतला तर त्याची खोली आधी मोजावी आणि क्लचच्या पायाला तो अडणार नाही याची खात्री करून घ्यावी.

दारांविषयी आपली शंका योग्य आहे. एकतर काच पूर्ण खाली उतरल्यावर चुंबकाला फार थोडी जागा उरते, आणि दुसरे म्हणजे दाराच्या आतून पाणी वाहते. दाराच्या तळाची भोके त्या पाण्यासाठीच असतात. आवाज सुधारण्याच्या नादात चिकट पत्रे लावून ती बुजवली, तर दार आतून गंजते. कोठेही स्पीकर बसवला तरी तो नौकांसाठी बनवलेल्या प्रकारचा, पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबराची कड असलेला घ्यावा. कागदी शंकू उघड्या गाडीतल्या दमटपणात फार काळ टिकत नाही.

कापडी_छत

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या गाडीत टॅकोमीटर इलेक्ट्रॉनिकच आहे. कन्व्हर्टरऐवजी संपूर्ण गाडीच निगेटिव्ह अर्थ केली तर पुढे सोपे जाईल, असेही सुचवले गेले आहे. ते कितपत हिताचे ठरेल?

तांब्याची_तार

ते शक्य आहे, आणि एमजीबी १९६७च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतःच निगेटिव्ह अर्थवर आणि (डायनॅमोऐवजी) अल्टरनेटरवर गेली. पण आपल्या गाडीत या बदलाची किंमत टॅकोमीटर मोजतो, कारण त्याच्या आतील मंडल पॉझिटिव्ह अर्थसाठी बांधलेले आहे आणि ते उघडून बदलावे लागते. याखेरीज इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते, नाहीतर ठिणगीची ध्रुवता उलटते आणि ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. डायनॅमोला नवी ध्रुवता द्यावी लागते. त्यासाठी त्याच्या दोन्ही तारा काढून ‘एफ’ (फील्ड) टोकाला जिवंत तारेचा क्षणभर स्पर्श करतात. बॅटरीचे धन टोक ऋण टोकापेक्षा जाड असल्यामुळे केबलचे क्लॅम्पही बदलावे लागतात. पेट्रोल पंपात पूर्वी कधी डायोड बसवला गेला असेल तर तोही पाहावा लागतो. केवळ वीस वॉटच्या संगीतासाठी इतक्या ठिकाणी हात घालणे मला पटत नाही. पुढेमागे अल्टरनेटर बसवणारच असाल, तर मात्र दोन्ही कामे एकत्र करावीत.

मूळरूप

येथपर्यंतच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, आणि जुन्या रेडिओविषयी आग्रहाने लिहितो, कारण त्याचा विचार अजून कोणी केलेला नाही. आजच्या हेड युनिटचे १८० बाय ५० मिलिमीटरचे माप १९८०च्या दशकात रूढ झाले. दोन खुंट्यांच्या रेडिओसाठी केलेल्या पॅनेलमध्ये ते बसवायचे म्हणजे पॅनेल कापणे आलेच, आणि कापलेला पत्रा कितीही कौशल्याने जोडला तरी तो मूळ राहत नाही. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिच्या तुरिन सनदेतही मूळ सामग्रीला कमीत कमी हात लावावा आणि केलेला बदल उलटवता यावा, याच तत्त्वांवर भर आहे.

जुन्या रेडिओचा दर्शनी भाग आणि खुंट्या ठेवून आत आधुनिक मंडल बसवून देणारे कारागीर असतात, आणि बहुतेक लोकांना तो उत्तम मार्ग वाटतो. मला तो अर्धवट वाटतो. बाहेरून गाडी मूळ दिसते, परंतु त्या रेडिओचे मूळ अंतरंग बहुधा कायमचे जाते, आणि त्या काळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आता सहज मिळत नाहीत. १९६०च्या दशकातील अनेक ब्रिटिश रेडिओंवर ध्रुवता बदलण्याची सोय होती आणि त्यातले पुष्कळ केवळ सुकलेले कपॅसिटर बदलून पुन्हा चालू होतात. म्हणून आपला रेडिओ जागेवर राहू द्या, शक्य झाल्यास दुरुस्त करून घ्या, त्याचा कन्सोलमधला स्पीकर त्याच्याकडेच राहू द्या, आणि नवी यंत्रणा त्याच्याशी कोणतीही तार न जोडता स्वतंत्र ठेवा. फोन ब्लूटूथने थेट ॲम्प्लिफायरशी बोलतो, त्यामुळे डॅशबोर्डवर नवे काहीच दिसण्याची गरज उरत नाही.

ॲम्प्लिफायर आणि कन्व्हर्टर एका फळीवर बसवून ती फळी सीटांच्या मागे, आधीपासून असलेल्या बोल्टांनाच अडकवावी. पत्र्यात एकही नवे भोक पाडू नये. बॅटरीच्या पेटीत मात्र ती ठेवू नये, कारण चार्जिंगच्या वेळी तेथे हायड्रोजन जमतो. नव्या तारांना गाडीच्या मूळ रंगांपेक्षा वेगळा रंग द्यावा आणि जोडणीचा नकाशा काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला कोणती तार कोणाची हे शोधत बसावे लागणार नाही.

मंद्रसप्तक

मूळ रेडिओ आतून बदलण्याला माझा इतका विरोध नाही. जो रेडिओ आधीच पोखरला गेला आहे त्याचे तसे करण्यात काही बिघडत नाही. येथे मात्र तो अखंड आहे, तेव्हा मूळरूप यांचेच ऐकावे.

इंजिन चालू केल्यावर येणाऱ्या आवाजांविषयी एक गोष्ट राहिली. फेऱ्यांबरोबर टकटक वाढली तर ती इग्निशनची असते, आणि बारीक किणकिण चढत गेली तर ती डायनॅमोची. पहिलीवर कार्बन गाभ्याच्या प्लगतारा आणि कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकावर एक मायक्रोफॅरडचा सप्रेसर कपॅसिटर हा उपाय आहे. तो कॉइलच्या ब्रेकर पॉइंटकडच्या (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या स्विचकडच्या) टोकावर लावू नये, कारण तेथे लावल्यास ठिणगीच दुबळी होते. डायनॅमोचा कपॅसिटर जाड ‘डी’ टोकावर लावावा, ‘एफ’ टोकावर कधीही नाही. विलगीकरण असलेल्या कन्व्हर्टरमुळे पुरवठ्यातून येणारा गोंगाट बराच कमी होतो, म्हणून हे कपॅसिटर आधीच विकत घेऊ नका. फळी तात्पुरती सीटवर ठेवून, इंजिन चालू करून ऐका आणि मग गरज असेल तेवढेच बसवा. कन्व्हर्टर स्वतःही मध्यम लहरींवर खरखर करू शकतो, तेव्हा जुना रेडिओ दुरुस्त झाला की दोन्ही यंत्रणा एकाच वेळी चालू ठेवू नयेत.