सामायिक तालिकेत जुने नोंद क्रमांक पुसायचे की जपायचे?

कृष्णाकाठ:
सांगली, मिरज, तासगाव, पलूस भागातली आम्ही सहा ग्रंथालयं मिळून एकच कोहा, म्हणजे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, बसवतोय. सगळ्यांच्या तालिकांतल्या, म्हणजे पुस्तकांच्या याद्यांतल्या, नोंदी एका जागी आणताना गाडी अडलीय ती क्रमांकांवर. बैठकीत बहुतेकांचं म्हणणं असं की, नव्या सिस्टिममध्ये प्रत्येक पुस्तकाला नवा क्रमांक मिळणारच आहे, मग जुने कशाला ओढत न्यायचे? मला हे अजिबात मान्य नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी ज्या वाचनालयात होते तिथले खालचे तीन खण चिखलात गेले. भिजलेली पुस्तकं बाद केली, ते बरोबरच होतं. पण पुढच्या खरेदीच्या वेळी 'क्रमांक मोकळे आहेत तर वापरू' म्हणून तेच क्रमांक नव्या पुस्तकांना दिले गेले. काही महिन्यांनी एक आजोबा पुराआधी नेलेलं ऊसशेतीचं पुस्तक परत घेऊन आले. त्यांनी ते माळ्यावर जपून ठेवलं होतं. आतल्या शिक्क्यात निळ्या शाईनं ४३१७ लिहिलेलं अगदी स्वच्छ दिसत होतं. संगणकात ४३१७ टाकलं तर स्पर्धा परीक्षेचं गाईड आलं. आम्ही हे पुस्तक बुडालं म्हणून बाद केलं होतं, आणि ते माझ्या हातात होतं.

म्हणून माझा आग्रह असा: एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणालाही द्यायचा नाही, आणि नोंदी एकत्र केल्या तरी प्रत्येक जुना क्रमांक नव्या नोंदीत राहिला पाहिजे. मार्कमध्ये, म्हणजे नोंदी लिहायच्या ठरलेल्या नमुन्यात, क्रमांक दिलेले रकाने असतात, तिथं जागा आहे. ००१ मध्ये सामायिक क्रमांक, ००३ मध्ये तो देणाऱ्याचा कोड, आणि मूळ ग्रंथालयाचा क्रमांक त्याच्या कोडसकट ०३५ मध्ये. ०३५ हवा तितक्या वेळा देता येतो.

माहुलीकर:
ताई, अनुभव वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. ४३१७ हा दाखल क्रमांक, म्हणजे त्या एका प्रतीचा. नोंद क्रमांक असतो पुस्तकाचा. दाखल नोंदवही नीट न ठेवल्याचा दोष तालिकेवर कशाला? साताऱ्याजवळ आमचं 'क' वर्गाचं वाचनालय आहे. ग्रंथपाल, शिपाई, देवघेव, सगळं मीच. सहा-सहा ०३५ भरत बसू की सभासदांना पुस्तकं देऊ? पुस्तकावर छापलेला आयएसबीएन टाका, तोच सगळ्यांचा समान क्रमांक. जगात चालतो, आपल्याला का चालू नये?

मिरजेची_वाट:
माहुलीकर, तुमच्या कपाटातली १९७० च्या आधीची मराठी पुस्तकं काढून बघा. एकावरही छापलेला आयएसबीएन सापडणार नाही, कारण तो तेव्हा नव्हताच. नंतरच्याही कित्येक पुस्तकांवर नाही. वर २००७ पासून १० आकडी जाऊन १३ आकडी आला. नुसतं पुढं ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपासणी अंकही नव्यानं काढावा लागतो. एकानं जुना टाकला, दुसऱ्यानं नवा, तर साधी जुळणी करणारा संगणक दोन पुस्तकं समजतो. आयएसबीएन जुळणीला मदत करतो, पण ओळख म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

आणि ०३५ हातानं भरायचे नसतात. जुन्या नोंदी कोहात आयात करतानाच जुना ००१ आणि ००३ उचलून तिथं ठेवता येतो, सगळ्या नोंदींना एकदमच.

घाटमाथा:
माझा विरोध वेगळा आहे. क्रमांक जपा, पण नोंदी एकत्रच करू नका. मराठी प्रकाशकांची 'आवृत्ती दुसरी' कधी खरोखर सुधारलेली असते, कधी नुसतं पुनर्मुद्रण. नाव तेच, लेखक तोच, पानं मात्र ४० नी जास्त. मशीन म्हणतं एकच, वाचक म्हणतो वेगळं. शिवाय आमच्या नोंदींत देणगीदाराचं नाव, हस्ताक्षरातल्या टिपांचा उल्लेख असं बरंच काही आहे. एकत्र करताना एक नोंद ठेवतात, दुसरी पुसतात, आणि हे सगळं तिच्याबरोबर जातं. दुबार नोंद दिसली तर वाचकाला थोडा त्रास होतो. चुकीची एक झालेली नोंद पुन्हा सुटी करणं फार अवघड.

कृष्णाकाठ:
माहुलीकर, दाखल क्रमांक प्रतीचा असतो, हे मान्य. उदाहरण मी प्रतीचं दिलं. पण हीच चूक नोंदीच्या पातळीवरही होते, तीही माणसाचा हात न लागता. कोहातला नोंद क्रमांक डेटाबेस आपोआप देतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये पुढचा क्रमांक नुसता मेमरीत असायचा. शेवटच्या काही नोंदी पुसल्या आणि सर्व्हर बंद करून चालू केला की उरलेल्यातला सर्वांत मोठा क्रमांक धरून तिथून पुढं मोजणी सुरू. म्हणजे पुसलेल्याचाच क्रमांक नव्या पुस्तकाला! आमच्या सहापैकी एका ठिकाणी अजून जुनीच आवृत्ती आहे.

घाटमाथा, तुमची भीती खरी आहे. म्हणूनच मी जुने क्रमांक मागतेय. ओसीएलसी या जगभरच्या ग्रंथालयांच्या संस्थेच्या सामायिक तालिकेत दोन नोंदी एक केल्या की गेलेल्या नोंदीचा क्रमांक उरलेल्या नोंदीच्या ०१९ मध्ये ठेवतात. जुना क्रमांक घेऊन आलेला माणूस योग्य पुस्तकापर्यंत पोचतो. आपल्याकडंही ०३५ राहिला तर पलूसची मूळ नोंद कुठली आणि तासगावची कुठली, हे चूक कळल्यावर तरी शोधता येईल. तो पुसला तर चूक झालीय हेच कळणार नाही.

माहुलीकर:
आयातीतच होणार असेल तर ०३५ ला माझी हरकत नाही. पण प्रत्येक ग्रंथालयाचा कोड कोण ठरवणार? दोघांनीही 'सानवा' हाच कोड लिहिला की पुन्हा तोच घोळ.

मिरजेची_वाट:
बरोबर. कोडांची यादी आधी, आयात नंतर. सहा ओळींचं काम आहे, पहिल्या बैठकीतच उरकून घ्या.

घाटमाथा:
०३५ नं मूळ नोंद *कुणाची* ते कळेल. तिच्यात काय लिहिलं होतं ते परत येणार नाही. एकत्र करण्याआधी सहाही ग्रंथालयांच्या पूर्ण फायली वेगळ्या जपून ठेवणार असाल तर बोलू. तोवर माझा विरोध कायम.

कृष्णाकाठ:
फायलींचं मी धरलंच नव्हतं. शनिवारी मिरजेला बैठक आहे, आधी तेच मांडते. कोडांची यादी आज रात्री बनवते. आणि त्या जुन्या आवृत्तीवाल्या सर्व्हरला तोवर कुणी हात लावू नये, असा निरोप आत्ताच पाठवलाय.