कायदा कोणाच्या हातात?

"खोट्या बातम्या पसरवणाऱ्यांना सरळ तुरुंगात टाका, कायदा करा" असं बरेच जण म्हणतात, ते समजतं, पण हा प्रयोग मलेशियात होऊन गेलाय. एप्रिल २०१८ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, तिथल्या सरकारने खोट्या बातम्यांविरुद्ध कायदा घाईघाईने आणला. शिक्षा सहा वर्षांपर्यंत. आणि चौकशी कोणाची सुरू झाली? विरोधकांचे नेते महाथीर यांची! आपल्या विमानात घातपात केला गेला, असं ते म्हणाले होते म्हणून. मे महिन्यात तेच निवडून आले. (तरी कायदा रद्द व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला, कारण रद्द करण्याचं विधेयक वरच्या सभागृहाने आधी अडवून धरलं.)

आपल्याकडे २०२३ चा नियम जरा वेगळा होता. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरवणार होता. 'खोटा' असा शिक्का बसल्यावरही सोशल मीडिया कंपनीने मजकूर ठेवला, तर तिचं कायदेशीर संरक्षण (लोकांच्या पोस्टसाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचं) धोक्यात. मग कोणती कंपनी तुमच्या-माझ्या पोस्टसाठी कोर्टात भांडेल? ती गुपचूप काढून टाकेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द केला, तोही दोन न्यायाधीशांचं एकमत न झाल्याने तिसऱ्यांकडे गेल्यावर.

अफवांनी माणसं मेलीत, हे मान्यच. पण संघटित अपप्रचार बऱ्याचदा पक्षांच्याच पगारी फौजा करतात. त्यातला सत्तेवर असलेला पक्ष स्वतःच्याच फौजेवर शिक्का मारेल, असं खरंच वाटतं का तुम्हाला?