हसायचं की नाही? ब्रिटिश आणि अमेरिकन विनोदाचे तुमचे अनुभव

रेडिंगची वहिनी (धागाकर्ती)

आपल्यातले कितीतरी जण इंग्लंडात, कितीतरी अमेरिकेत, आणि काही माझ्यासारखे दोन्हीकडचं पाणी प्यायलेले. म्हणून हा धागा. व्याख्या नकोत. ऑफिसात, लग्नात, दवाखान्यात, रांगेत कोण काय बोललं आणि तुम्हाला हसू आलं का, एवढंच लिहा. मालिकांवर धागा वाहवत नेऊ नका. (नेणारच आहात, माहीत आहे.)

सुरुवात मी करते. आधी ओहायोत होते. तिथे ऑफिसात नवा माणूस आला की सगळे येऊन हात मिळवायचे. कुणीतरी हलकासा विनोद करायचा आणि स्वतःच आधी हसायचा, म्हणजे पाहुण्याला कळावं की इथे हसायचंय. रेडिंगला आले तर सगळे माझ्याशी नको इतक्या अदबीने वागायला लागले. मला वाटलं, आवडले नाही बहुतेक यांना. मग एका सकाळी मी सगळ्यांचा चहा केला. आमच्यात यॉर्कशरचे एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. त्यांनी कपात डोकावून पाहिलं, एक घोट घेतला आणि म्हणाले, "भारतात चहा पिकतो असं मी कुठेतरी वाचलं होतं." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये बघत होते, पण सगळ्यांचे खांदे हलत होते.

त्या दिवसापासून अदब संपली. अमेरिकेत विनोद करून तुम्हाला घरात घेतात. इथे घरात घेतलं की मग तुमच्यावर विनोद करतात. माझं हे मत झालंय. खोडून काढा.

हिंजवडीकर

आम्ही देश न सोडता दोन्ही सोसतो. दुपारी यूके, संध्याकाळी यूएस.

डॅलसचे साहेब कॉल सुरू झाला की आधी त्यांच्या कुत्र्याचा एक किस्सा सांगतात. सांगून झाला की थांबतात. आमच्याकडे अकरा जण म्यूटवर, त्यामुळे तिकडे स्मशानशांतता. शेवटी आमच्या लीडने नियम केला की किस्सा संपताना दोघांनी म्यूट काढून हसायचं. आठवड्याच्या पाळ्या लागल्या आहेत. चेष्टा नाही, खरंच लागल्या आहेत.

यूकेच्या बाईंचं उलटं. एकदा सॉफ्टवेअरचा रिलीज पूर्ण झोपला, रात्रभर सगळं बंद. सकाळी कॉलवर बाई शांतपणे म्हणाल्या, "तर, झकास पार पडलं." आमच्यात सांगलीचा एक नवा पोरगा होता. तो मनापासून म्हणाला, "थँक यू मॅम, टीमने खूप मेहनत घेतली." पलीकडे दोन सेकंद काही नाही, आणि मग बाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात. त्यांना वाटलं, हा आपल्याहून खवचट आहे. अजूनही विचारतात, तो खट्याळ मुलगा आहे का कॉलवर? पोराला कुणी खरं सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही.

कोल्हापूरची मावशी

माझ्या भाच्याचं लग्न इंग्लंडात झालं, मुलगी तिकडचीच. आपल्या पद्धतीने लग्न आदल्या दिवशी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण आणि भाषणं. नवऱ्याचा जिवलग मित्र भाषण करतो म्हणे. बरं, आम्ही सगळे पैठण्या नेसून पुढच्या टेबलावर.

तो मित्र उठला, खिशातून कागद काढला आणि आमच्या लेकराची अब्रू काढायला बसला. गाडी चालवायच्या परीक्षेत किती वेळा नापास झाला. ट्रेनमध्ये झोपला आणि थेट स्वान्सीला जाऊन कसा उठला. अंडी उकडायला ठेवून विसरला आणि अग्निशामक दल कसं आलं. दीडशे माणसं खदाखदा हसतायत, नवरा सगळ्यात जोरात. मुलीचा बाप उठला तर तो म्हणाला, "आमच्या लेकीने आजवर घरी जे जे आणलं, त्यात हा सगळ्यात बरा." आमची ताई, म्हणजे नवऱ्याची आई, पांढरीफटक. माझ्या कानात म्हणते, "अगं, हा मित्र आहे की भाऊबंद?"

मग अगदी शेवटी त्या पोराने कागद घडी करून ठेवला. माझी आई गेली तेव्हा महिनाभर हा रोज रात्री माझ्याकडे येऊन बसायचा, एवढं एकच वाक्य बोलला आणि ग्लास वर केला. सगळे गप्प. ताईने तेवढ्यासाठी त्याला माफ केलं. जाताना लाडूचा डबा पण दिला.

पुढे टेक्सासला चुलत पुतणीच्या लग्नाला गेलो. तिथे मैत्रीण बोलली तेव्हा पहिल्या वाक्यापासून रडली. आम्ही कशा भेटलो, तिने मला कसं सावरलं. मध्ये एक छोटा विनोद केला आणि लगेच नवरीकडे बघून म्हणाली, गंमत हं, माझं तुझ्यावर प्रेम आहे! मग मिठ्या. छान होतं, पण खरं सांगू का, मला काही आठवत नाही त्यातलं. स्वान्सी मात्र पाठ आहे.

भूलतज्ज्ञ

माझं काम माणसांना झोपवायचं, त्यामुळे झोपण्याआधीचे शेवटचे विनोद माझ्या वाट्याला येतात. अमेरिकेत रोग्याचा विनोद माझ्यासाठी असायचा. "डॉक, काल रात्री झोप नीट झाली ना? आपल्या दोघांपैकी एकालाच आत्ता झोपायची परवानगी आहे." आणि हसून माझा हात दाबायचा. घाबरलेला तो, धीर मला. इंग्लंडात आले तर एक आजोबा छताकडे बघत म्हणाले, "उठवायची घाई करू नका. संध्याकाळी जावई येणार आहे."

याच जातीची दोन खरी उदाहरणं. ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांना गोळी लागली. फुप्फुसापर्यंत गेलेली, रक्त भरपूर गेलेलं. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही सगळे रिपब्लिकन (म्हणजे त्यांच्याच पक्षाचे) असाल अशी आशा आहे. शस्त्रक्रिया करणारे जोसेफ जिओर्दानो स्वतः डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षाच्या विचारांचे. ते म्हणाले, आज आम्ही सगळे रिपब्लिकन आहोत.

दुसरं २४ जून १९८२ चं. ब्रिटिश एअरवेजचं फ्लाइट ९ क्वालालंपूरहून पर्थला निघालं होतं. रात्री जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. आत २६३ माणसं. कॅप्टन एरिक मूडी यांनी घोषणा केली ती साधारण अशी: एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायची आमची शिकस्त चालू आहे, आपल्याला फार त्रास होत नसेल असा विश्वास आहे. इंजिनं पुन्हा सुरू झाली, विमान जकार्ताला सुखरूप उतरलं.

रेगन यांनी खोलीतल्या सगळ्यांचं ओझं उचललं. मूडी यांनी संकटालाच लहान केलं. तो विनोद होता की नाही हेही सांगता येत नाही, आणि इंग्लंडात ते सांगता न येणं हीच मजा असते. इथे राहून मलाही सवय लागलीय. परवा वॉर्डात छत गळायला लागलं तेव्हा मी नर्सला म्हणाले, जरा दमट आहे नाही आज?

सोफ्यावरून

नेतो बाबा वाहवत, कुणीतरी न्यायलाच हवा.

'द ऑफिस', एका कचेरीवरची आणि तिथल्या साहेबावरची विनोदी मालिका. बीबीसीचं मूळ २००१ ते २००३, दोन छोटी पर्वं आणि नाताळचे खास भाग, एकूण १४. अमेरिकेतलं २००५ ते २०१३, ९ पर्वं, २०१ भाग. अमेरिकनांनी पहिला भाग जवळजवळ तसाच उचलला होता, तो तिथे थंड गेला. दुसऱ्या पर्वापासून त्यांनी साहेब बदलला. मूळ मालिकेतला, इंग्लंडातल्या स्लाऊचा डेव्हिड ब्रेंट हा बघवत नाही असा माणूस. कामातही ढ आणि ढ असल्याचं कळतही नाही, आणि शेवटी नोकरी जाते. अमेरिकेतल्या स्क्रँटनचा मायकल स्कॉट तेवढाच ढ, पण विक्री उत्तम जमते आणि पोटातून चांगला. त्याला बायको मिळते, कोलोरॅडोला संसार थाटतो. दर आठवड्याला घरात येणाऱ्या माणसाचं भलं व्हावं असं अमेरिकन प्रेक्षकाला वाटतं. ब्रिटिश प्रेक्षक त्याची फजिती बघायला बसतो आणि मनात म्हणतो, हा मीच.

अजून एक गंमत. 'मॅश', म्हणजे कोरियन युद्धातल्या लष्करी डॉक्टरांवरची विनोदी मालिका, अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ध्वनिमुद्रित हशा लावून दाखवत. बीबीसीने तो हशा काढून टाकला. मी दोन्ही प्रकारचे भाग पाहिलेत. हशा काढल्यावर तेच डॉक्टर, तेच संवाद, पण माणसं युद्धाला कंटाळून बडबडतायत असं वाटतं. फार उदास मालिका आहे ती.

आणि 'फॉल्टी टॉवर्स', बेसिल फॉल्टी या तिरसट हॉटेलमालकावरची ब्रिटिश मालिका. सगळे मिळून १२ भाग. अमेरिकनांनी १९८३ मध्ये 'अमांडाज' या नावाने त्याची नक्कल केली आणि त्यातून बेसिल फॉल्टीच काढून टाकला. वाच्यार्थाने. पुरणपोळी करायची ठरवून पुरण वगळलं. एका पर्वातच गाशा गुंडाळला.

क्वीन्सचा जोशी

इथे निषेध नोंदवतो. अमेरिकनांना तिरकस बोलणं कळत नाही हे इंग्रजांनी पसरवलेलं आहे आणि आपण ते गिळलंय. 'साइनफेल्ड' ही विनोदी मालिका कुठली? १९८९ ते १९९८, न्यू यॉर्क. तिच्या जनकांपैकी एक, लॅरी डेव्हिड, त्याचा नियमच होता की यात कुणी गळ्यात पडणार नाही आणि कुणी काही शिकणार नाही. आता वरच्या सोफ्यावरून या माझ्याशी बोला.

आमच्या कोपऱ्यावर बेगलचं, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल पावाचं, दुकान आहे. गर्दीच्या वेळी मी विचारलं, ताजा आहे का? काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "नाही, तुझ्यासाठी मंगळवारपासून जपून ठेवलाय." मला एकदम सदाशिव पेठेत आल्यासारखं झालं, डोळे भरून आले. दुपारी एक ते चारची पाटी तेवढी लावायची बाकी आहे.

ओहायो म्हणजे अमेरिका नव्हे, वहिनी.

रेडिंगची वहिनी

@क्वीन्सचा जोशी, मान्य. पण तुमच्या बेगलवाल्याने पहिल्याच भेटीत सुनावलं ना? माझ्या चहावाल्यांनी आधी ओळख व्हायची वाट पाहिली. फरक आहेच.

मिनियापोलिसची बर्फी

आमच्या मध्य-पश्चिमेत उणे पंचवीसलाही लोक "जरा गार आहे" म्हणतात, तेव्हा इंग्रजांनी फार मिरवू नये. पण एक चोरी कबूल करायला हवी. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ध्रुवीय संशोधनाच्या जहाजाला नाव सुचवायला लोकांना सांगितलं आणि लोकांनी 'बोटी मॅकबोटफेस' निवडून दिलं. सरकारला घाम फुटला. जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं आणि ते वात्रट नाव जहाजावरच्या पाण्याखालच्या स्वयंचलित यंत्राला. २०२१ मध्ये आमच्या राज्याने बर्फ काढणाऱ्या गाड्यांना नावं मागवली. पहिलं आलं 'प्लावी मॅकप्लावफेस'. आमच्या अधिकाऱ्यांनी ते आनंदाने गाडीला लावूनही टाकलं. म्हणजे वात्रटपणा तिकडचा, पण तो मनावर न घेता राबवणं इकडचं.

नाव नको

विमानतळावर मात्र दोघेही सारखेच. २०१२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला दोन ब्रिटिश तरुणांना सीमेवरूनच परत पाठवलं, कारण एकाने ट्वीट केलं होतं की अमेरिका उद्ध्वस्त करायला निघालोय आणि मॅरिलिन मन्रोला उकरून काढणार आहे. पहिलं म्हणजे ब्रिटिश बोलीत मौजमजा करायला निघालोय एवढंच. दुसरं वाक्य तर अमेरिकेच्याच एका कार्टून मालिकेतलं! पण इंग्लंडनेही हसू नये. तिथे २०१० मध्ये बर्फामुळे विमानतळ बंद पडला म्हणून वैतागून 'उडवून देईन' लिहिणाऱ्याला न्यायालयाने दंड केला होता. ती शिक्षा रद्द व्हायला जुलै २०१२ उजाडला.

मी रांगेत माझ्या नवऱ्याचं तोंड दाबूनच उभी असते.

मेडनहेडकर

उशिरा आलोय, पण माझ्याकडचा माल अस्सल आहे. २०१७ ची निवडणूक, आमचा मतदारसंघ, उमेदवार खुद्द पंतप्रधान थेरेसा मे. रात्री निकाल टीव्हीवर. इथली पद्धत अशी की सगळे उमेदवार एका मंचावर उभे राहतात आणि निवडणूक अधिकारी एकेकाचं नाव व मतं वाचतो. पंतप्रधानांना सूट नाही. तर त्याच मंचावर नखशिखांत काळे कपडे, पाठीवर झगा आणि डोक्यावर खांद्यापर्यंत येणारी उंच काळी बादली घातलेला एक गृहस्थ. नाव लॉर्ड बकेटहेड. ५०० पौंड अनामत भरली की कुणीही उभं राहू शकतं, आणि ५ टक्के मतं मिळाली नाहीत तर ते पैसे गेले.

अधिकाऱ्याने ज्या आवाजात मे यांची मतं वाचली, त्याच आवाजात "लॉर्ड बकेटहेड, दोनशे एकोणपन्नास" वाचलं. कुणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. अमेरिकेतही डोक्यावर बूट घालून न्यू हॅम्पशरला उभा राहणारा व्हर्मिन सुप्रीम आहे, पण निकालाच्या रात्री त्याला राष्ट्राध्यक्षांशेजारी कोण उभं करणार?

बाबा तेव्हा साताऱ्याहून आलेले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"याला वर चढू कुणी दिला?"

"बाबा, तो उमेदवार आहे."

"मतं पडली?"

"अडीचशेला एक कमी."

बाबा जरा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "आपल्या वॉर्डातला देशमुख दोनदा पडला. त्याला सांगायला हवं."