सेकंडहँड बेस गिटार घेताना काय बघायचं?

नवखा_बेसिस्ट: आत्ताच शिकायला लागलोय, सेकंडहँड बेस घ्यायचाय आणि नंतर विकता पण आला पाहिजे, नक्की काय चेक करू?

जाडतार: आधी नेक (तारांखालची लांब दांडी). पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) तार एकाच वेळी दाबून मधे तार किती वर राहते बघ, बारीकशी फट हवीच, जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायची आतली सळई) फिरतो का विचार, जाम असेल तर सरळ सोडून दे. ओरखड्यांचं टेन्शन नको, उलट भाव पाडायला बरे (मी तर मुद्दाम शोधतो 😄)

लो_ई: अँपला (अँप्लिफायरला) लावूनच बघ. नॉबची खरखर बहुतेकदा क्लीनरने जाते. अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट) असेल तर 9 व्होल्टची नवी बॅटरी सोबत ने.

जाडतार: हो, आणि विकायला चार तारांचा 34 इंच स्केलवालाच (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) सोपा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) बदललेले असतील तर जुने मागून घे, मॉडचे (अशा बदलांचे) पैसे पुढे कोणी देत नाही