नोकरी सांभाळून दूरस्थ बी.एस्सी.: अभ्यासाचा हिशेब जमतोय, प्रॅक्टिकलचा जमेना

पोल_रीडिंग (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. वाद घातलात तरी चालेल.

मी लातूरकडचा. बारावी सायन्स झाल्यावर घरची गाडी अडली आणि साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटलो. सात हंगाम झाले. कागदावर हेल्पर, काम लॅबचं. रसाचा नमुना आणा, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) घ्या, रस निवळायला लेड सबअ‍ॅसिटेट टाकून गाळा, पोल (रसातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून साखर) बघा, रजिस्टरला लिहा. केमिस्टची जागा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला, "बी.एस्सी. आहे का?" माझ्याकडून ब्रिक्स घ्यायला शिकलेला पोरगा गेल्या हंगामात माझा साहेब झाला. पोरगा चांगला आहे, पण रात्रपाळीला झोप लागत नाही.

इग्नूची बी.एस्सी. जनरल करायचं डोक्यात आहे. माझ्याकडच्या जुन्या माहितीपत्रकाप्रमाणे १३२ क्रेडिट, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरलाय, म्हणजे एकूण ३,९६० तास. सहा वर्षांत वाटले तर दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास. जमेल की! विषय फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. कुणी केलंय का? की उगाच सहा वर्षं घालवू नकोस म्हणाल?

हिशेबनीस

तुमचा भागाकार बरोबर, धरलेले दिवस चुकीचे. नोव्हेंबर ते मार्च बारा-बारा तास राबून घरी आल्यावर तुम्ही कॅल्क्युलस उघडणार आहात का? नाही. मग वर्षाचे ६६० तास उरलेल्या सात महिन्यांत बसवा. रोज तीन तासांच्या वर जातं. शिवाय सत्रान्त परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. डिसेंबर म्हणजे ऐन गाळप. तुमच्यासाठी वर्षातून एकच परीक्षा उरते आणि सगळे पेपर तिच्यात कोंबावे लागतात. करू नका म्हणत नाही. रोजचे दोन तास मात्र विसरा.

ब्युरेटवाली

मी केमिस्ट्री शिकवायचे, पदवीच्या वर्गाला, अठ्ठावीस वर्षं. पटणार नाही तरी सांगते. विज्ञानाची पदवी घरबसल्या होत नाही. टायट्रेशन (एक द्रव थेंबथेंब दुसऱ्यात सोडून मोजणं) करताना गुलाबी छटा आली, हलवल्यावर गेली, पुन्हा आली आणि टिकली, त्या अर्ध्या थेंबाला हात थांबला पाहिजे. मुलाला पहिल्या खेपेला जमत नाही, पाचव्याला जमतं, आणि मधल्या चार चुकांत तो केमिस्ट्री शिकतो. प्रॅक्टिकलच्या सात दिवसांच्या शिबिरात चाळीस जणांना एकेकदा ब्युरेट, म्हणजे ते थेंब सोडायची नळी, धरायला मिळते. मग उरतं ते शेजारच्याचं रीडिंग उतरवणं. मी परीक्षक म्हणून अशा वह्या तपासल्या आहेत. तिघांच्या वहीत तिसऱ्या दशांशापर्यंत एकच उत्तर!

बहिःस्थ

मॅडम, रेग्युलर कॉलेजातल्या वह्या काय वेगळ्या असतात हो? आमच्या तालुक्याच्या कॉलेजला दोन वर्षं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद होतं. "निरीक्षण" सगळं फळ्यावर.

मी दूरशिक्षणातून बी.एस्सी. केली, कुठून ते सांगत नाही. पाच वर्षं लागली. त्रास झाला. गृहपाठ जमा केल्याची पावती दाखवूनही गुण चढायला आठ महिने गेले, तीनदा खेटे. पण पदवी हातात आली, त्यावर बी.एड. झालं, आज नववी-दहावीला सायन्स शिकवतोय. माझ्याकडे कुणी "ही डिग्री बाहेरची का" म्हणून बघितलं नाही. यूजीसीने २०२२ साली सूचना काढून सांगितलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची. ती प्रिंट काढून फायलीला लावा.

काळजीवाहू_आई

विषयात घुसते, माफ करा. माझ्या मुलीला नीटमध्ये यंदा हवे तेवढे मार्क नाहीत. क्लासवाले म्हणतात "ऑनलाइन बी.एस्सी.ला नाव घालून ठेवा आणि रिपीट करा". चालतं का असं?

हिशेबनीस

ताई, आधी शब्द नीट वेगळे करू. ऑनलाइन आणि दूरस्थ एक नाही. प्रयोगशाळा आवश्यक असलेले अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन चालवायला यूजीसीने २०१८च्या नियमांतच मनाई केली होती. फिजिक्स-केमिस्ट्रीची बी.एस्सी. मोबाइलवर पूर्ण होते असं कुणी सांगत असेल तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाबरोबर अभ्यासक्रमाचंही नाव शोधा. दूरस्थ म्हणजे पुस्तकं घरी आणि प्रॅक्टिकल केंद्रावर. नीटच्या वर्षात ती प्रॅक्टिकलं कधी करणार ते मुलीलाच विचारा.

थेम्सकाठी

मी ब्रिटनमध्ये राहतो. इथल्या ओपन युनिव्हर्सिटीत नोकरी करत नॅचरल सायन्सेस करतोय. ३६० क्रेडिट, वर्षाला ६० घेतले की सहा वर्षं. म्हणजे आपण दोघं एकाच रांगेत.

ही संस्था १९६९ला स्थापन झाली, शिकवणं सुरू झालं १९७१ला, आणि ब्युरेटवाली मॅडमचा हाच आक्षेप तेव्हाही होता. त्यांनी उपाय काय केला? विद्यार्थ्याच्या घरी टपालाने प्रयोगाची पेटी पाठवली. रसायनं, काचसामान, आणि तळहातावर मावेल असा प्लॅस्टिकचा मॅकआर्थर सूक्ष्मदर्शक. लोक स्वयंपाकाच्या ओट्यावर प्रयोग करायचे. आता पेटी गेली, पडद्यावरची प्रयोगशाळा आली. मला स्वतःला ती पेटी मिळाली असती तर जास्त आवडलं असतं. पडद्यावर काच फुटत नाही आणि हातही भाजत नाही, तिथेच काहीतरी निसटतं. म्हणजे मॅडमशी अर्धा सहमत.

पोल_रीडिंग (धागाकर्ता)

मॅडम, तुमचं वाचून वाईट वाटलं नाही, कारण हात माझा बसलेला आहे. मला पुस्तक पाहिजे.

एक उदाहरण देतो. नमुन्याची बाटली राहून गेली, चार-पाच तासांनी पोल घेतला तर आकडा खाली येतो. साहेब म्हणतात "शिळा नमुना, फेकून दे". मी सात वर्षं फेकतोय. का उतरतो ते मला माहीत नाही. बारावीत वाचलं असेल, पण तेव्हा पोल म्हणजे काय ते कुठं बघितलं होतं!

ब्युरेटवाली

इन्व्हर्शन. रसात आम्ल असतं, जंतू असतात. सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. सुक्रोज ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं. ग्लुकोजही उजवीकडेच, पण फ्रुक्टोज त्याच्यापेक्षा जोरात डावीकडे. त्यामुळे दोघांची गोळाबेरीज डावी येते. जितकं सुक्रोज तुटलं तितका काटा मागे. पुढच्या हंगामात ती बाटली फेकू नका. दर तासाला रीडिंग घ्या आणि आलेखावर मांडा. निम्मी केमिकल कायनेटिक्स (रासायनिक क्रियेच्या वेगाचा अभ्यास) त्यात आहे.

बहिःस्थ

मॅडम, हे आत्ता तुम्ही दूरस्थच शिकवलंत की :)

ब्युरेटवाली

शिकवलं खरं. पोचलं ते त्यांच्या हातात बाटली आहे म्हणून. यंदा बारावी झालेल्या पोराला हेच लिहिलं असतं तर त्याने ते पाठ केलं असतं. धागाकर्त्यांपुरता माझा विरोध मागे. बाकीच्यांसाठी कायम. आणि एक हात एकच काम शिकतो हेही लक्षात ठेवा. पोल येतो म्हणून ऑरगॅनिकचं अ‍ॅनालिसिस येईल असं नाही.

हिशेबनीस

आता प्रॅक्टिकलचे दिवस मोजू, कारण मुद्दा तिथेच येतोय. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मुख्य पेपर प्रत्येकी चार, आणि दर पेपरला चार क्रेडिट थिअरी नि दोन क्रेडिट प्रॅक्टिकल. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास. आठ प्रॅक्टिकलांचे ४८० तास. रोज आठ तास धरले तर ६० दिवस केंद्रावर हजेरी. मॅथ्सला लॅब नाही, ती निवड शहाणपणाची. त्या जागी बॉटनी घेतली असती तर ९० दिवस झाले असते. शेवटच्या टप्प्यातले निवडीचे पेपर मी यात धरलेले नाहीत.

सहा वर्षांत ६० म्हणजे वर्षाला दहा दिवस. पण सायन्सचं केंद्र सगळीकडे नसतं. तुमच्या जवळ कुठे आहे, प्रॅक्टिकलं कोणत्या महिन्यात लावतात आणि बॅचला किती मुलं असतात, हे केंद्रावर समक्ष जाऊन विचारा. फोनवर "होऊन जाईल" म्हणतात. केंद्राने जानेवारीत बॅच लावली तर तुमचं वर्ष गेलंच.

बहिःस्थ

शंभर टक्के. माझं एक वर्ष असंच गेलं. बॅचची तारीख बोर्डावर लागली होती, मी दोनशे किलोमीटरवर.

तिसरी_पाळी

मी पण कारखान्यातलाच, डिस्टिलरीला. सगळ्यांचं वाचलं. माझं मत उलटं. पस्तिशीला पदवी हातात येणार आणि तोवर केमिस्टच्या जागेला आणखी काही मागायला लागतील. त्यापेक्षा राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, सोपी बी.ए. करून मोकळा हो. सायन्सचा हट्ट कशाला?

पोल_रीडिंग (धागाकर्ता)

मला राज्यसेवा नको. मला तो काटा का फिरतो ते पाहिजे आणि केमिस्टच्या खुर्चीवर बसून पाहिजे. पुढे जमलं तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये. तेवढंच डोक्यात आहे.

ठरवलं असं: जुलैच्या सत्राला नाव घालायचं. पहिल्या वर्षी मॅथ्सचे पेपर पुरे करायचे, केमिस्ट्रीचं एकच प्रॅक्टिकल. सोमवारी केंद्रावर जाऊन येतो. चीफ केमिस्टना मे महिन्यात दहा दिवस रजा मागतो, ते नाही म्हणणार नाहीत.

तिसरी_पाळी

लेखी घे. २०२१-२२ला आपल्याकडं जूनपर्यंत ऊस उभा होता, आठवतंय का? तेव्हा मे महिन्यात कुणाला रजा मिळाली होती?