मदत हवी आहे: बुद्धिबळ महासंघाचा अध्यक्ष निवडताना काय पाहावं?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. मुलगी अकरा वर्षांची, रेटिंग स्पर्धा खेळते. आमच्या क्लबात सध्या एकच वाद चाललाय: देशाच्या महासंघाचा अध्यक्ष पैसा उभा करणारा उद्योजक असावा की स्वतः पटावर बसलेला खेळाडू?

2021 मध्ये ही निवडणूक 33-31 अशी सुटली. एक मत फिरलं असतं तर बरोबरी! मत देतात राज्य संघटनांचे प्रतिनिधी, आम्हा पालकांना ते नाही. म्हणून गोव्याच्या प्रतिनिधींना निवेदन द्यायचं ठरवलंय.

माझा कल खेळाडूकडे. 2025 चा विश्वचषक गोव्यात झाला, ऊर भरून आला. पण गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेत वीज गेली. पोरगी अंधारात डोळे ताणून चाल लिहीत होती आणि तिचं घड्याळ पळतच होतं. पंच आले तेव्हा चार मिनिटं उरली होती. हे खेळलेल्या माणसालाच कळेल ना?

संघटनेत काम केलेल्यांनी कृपया सांगावं, उमेदवारांना नेमके कोणते प्रश्न विचारायचे? हिशेब, पंचांचं प्रशिक्षण, प्रवेश फी एवढंच आम्हाला सुचलंय. कुणाकडे जुना मसुदा असेल तर जरूर पाठवा, रविवारी बैठक आहे.